दोन चुकांनी जुळवलेलं रीडिंग: आमच्या लॅबमधल्या फॉर्टिन बॅरोमीटरचं प्रकरण

पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये घडलेली ही गोष्ट आहे. कॉलेजचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये, बाकी आकडे वगैरे आमच्या वहीतलेच आहेत. लिहायचं कारण एवढंच की असे फॉर्टिन बॅरोमीटर, म्हणजे पाऱ्याने हवेचा दाब मोजणारी जुनी यंत्रं, अजून बऱ्याच कॉलेजांच्या भिंतींवर लटकलेले आहेत आणि त्यातल्या किती जणांच्या नळीत हवा शिरली असेल हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

पार्श्वभूमी

आमचा बॅरोमीटर फॉर्टिन पद्धतीचा. म्हणजे पितळी नळकांड्यात काचेची नळी, खाली पाऱ्याची टाकी, टाकीच्या तळाला चामड्याची पिशवी आणि तिला खालून दाबणारा स्क्रू. वर टाकीत एक हस्तिदंती टोक खाली आलेलं असतं, तेच स्केलचं शून्य. स्क्रू फिरवून पारा वर आणायचा, टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना जेमतेम टेकले की थांबायचं, नळीवर बोटाने हलकी टिचकी मारायची आणि मग वरचा व्हर्नियर (बारीक मोजमापाची सरकती पट्टी) पाऱ्याच्या फुगीर माथ्याला लावून वाचायचं. पारा स्वच्छ असेल तर टोक टेकण्याचा तो क्षण इतका स्पष्ट दिसतो ना, मी दरवर्षी नवीन मुलांना आधी नुसतं तेवढंच बघायला लावते. वरून आलेलं सुईसारखं टोक आणि खालून येणारं त्याचंच प्रतिबिंब, मध्ये केसाएवढी फट, आणि एकदम फट गायब.

एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, बॉइलच्या प्रयोगाला (हवेचा दाब आणि आकारमान यांचा संबंध) वातावरणाचा दाब लागतो, तो याच्यावरून घेतात. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पारा समुद्रसपाटीसारखा ७६० मिमीला नसतो, ७१० च्या आसपास असतो. हे नवीन मुलांना कायम गोंधळात टाकतं कारण मोबाईलवर हवामानाचं ॲप १०१२ वगैरे हेक्टोपास्कल दाखवतं आणि भिंतीवरच्या बॅरोमीटरचं रीडिंग हेक्टोपास्कलमध्ये बदललं की ९४८ येतं, मग "मॅडम हा बिघडलाय" म्हणून पळत येतात. ॲपवाला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो, आपला इथल्या जागेचा असतो. दोन्ही बरोबर. हे समजावून समजावून आम्हाला एक सवय लागली होती की कोणी बॅरोमीटर बिघडलाय म्हटलं की उत्तर तयार, नाही रे बाळा, तू समुद्रसपाटी विसरलास. पुढे जे झालं त्यात या सवयीचाही हात आहे.

मे महिन्यात स्टॉक तपासणी होती. तेव्हा आम्ही बॅरोमीटर एकदा डिजिटल सेन्सरशी ताडून बघितला, हल्ली मिळतात ते छोटे बीएमपी२८० सेन्सर, किमतीला स्वस्त आणि दाब साधारण १ हेक्टोपास्कलच्या आत बरोबर देतात. सेन्सरने ९४५.९ हेक्टोपास्कल दाखवलं, म्हणजे ७०९.५ मिमी. बॅरोमीटरवर वाचलं ७०९.६ मिमी. शून्य पॉइंट एकचा फरक! सगळे खूश. कार्डावर "ओके" लिहून सही केली. सही माझीच आहे.

अडचण कुठे दिसली

डिसेंबरमध्ये एमएस्सीची एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट करत होती, दाबाची रोजची भरती-ओहोटी. आपल्याकडे उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो, सकाळी आणि रात्री १० च्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमाराला कमी, आणि वादळ वगैरे नसेल तर हे घड्याळासारखं चालतं. तिचा सेन्सर लॅबमध्ये लावलेला आणि दिवसातून दोनदा ती फॉर्टिनचं रीडिंग घेऊन पडताळत होती. एका सकाळी ती वही घेऊन आली. लॅबमध्ये १९ अंश होतं, सेन्सर म्हणतोय ९५१.२ म्हणजे ७१३.५ मिमी, आणि फॉर्टिन म्हणतोय ७१२.२. तब्बल १.३ मिमी कमी. पुढच्या चार दिवसांतही तसंच, सकाळी गारठ्यात फरक जास्त, दुपारी लॅब तापली की फरक कमी.

माझी पहिली प्रतिक्रिया काय तर सेन्सर बिघडला असेल. कारण मे महिन्यातलं ते "ओके" डोक्यात होतं ना. तिने दुसरे दोन सेन्सर लावले, तिन्ही एकमेकांशी जुळले. तरी मी म्हटलं तिन्ही एकाच दुकानातून एकाच खेपेत आणलेत, तिन्ही एकसारखे चुकू शकतात. हे म्हणणं चुकीचं नव्हतं पण मी ते ज्या कारणाने म्हणत होते ते चुकीचं होतं, मला बॅरोमीटर वाचवायचा होता.

मग तिने जे केलं ते मला फार आवडलं. लोहगाव विमानतळाच्या हवामान नोंदीत दर वेळेचा क्यूएनएच (विमानांच्या उंचीमापकासाठी दिलेला दाब) आकडा येतो, तो मानक वातावरणाच्या सूत्राने समुद्रसपाटीला आणलेला असतो. तिने तेच सूत्र उलटं चालवून आमच्या उंचीचा दाब काढला. त्या सकाळी क्यूएनएच १०१६ होता, हा आकडा पूर्णांकात खाली ओढून देतात, म्हणजे आमच्याकडे दाब ९५०.४ ते ९५१.३ च्या मध्ये कुठेतरी. सेन्सरचा ९५१.२ त्यात बसला. आता सेन्सरला दोष द्यायला जागा उरली नाही.

गणित मांडल्यावर

इथे जरा थांबून सांगते कारण सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. पाऱ्याच्या बॅरोमीटरचं वाचलेलं रीडिंग म्हणजे दाब नव्हे. त्याला किमान दोन करेक्शन द्यावी लागतात. एक तापमानाचं, पारा तापला की हलका होतो म्हणून तोच दाब उंच स्तंभ दाखवतो, पितळी स्केलही थोडी लांबते पण ती पाऱ्याइतकी नाही, दोन्ही मिळून दर अंशाला दर मिमीमागे ०.०००१६३ एवढं. दुसरं गुरुत्वाकर्षणाचं. मिमीचा हिशोब ९.८०६६५ या मानक मूल्याला धरून आहे, पुण्याच्या अक्षांशाला आणि उंचीला ते साधारण ९.७८४ पडतं, म्हणून इथे पारा थोडा उंच उभा राहतो, सव्वा-दीड नाही तर जवळजवळ १.६ मिमीने.

मे मधलं रीडिंग घ्या. ३१ अंश, तापमानाचं करेक्शन ३.६ मिमी, गुरुत्वाचं १.६. म्हणजे चांगल्या बॅरोमीटरने त्या दिवशी ७०९.६ नाही, ७१४.७ च्या जवळ दाखवायला हवं होतं! आमचं ७०९.६ करेक्शन देऊन येतं ७०४.४. खरा दाब ७०९.५. म्हणजे ५.१ मिमी कमी. डिसेंबरचं घ्या, १९ अंश, ७१२.२ मधून २.२ आणि १.६ वजा, ७०८.४. खरा दाब ७१३.५. पुन्हा ५.१ कमी.

फळ्यावर ते दोन ५.१ एकाखाली एक लिहिले गेले तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. मे महिन्यात यंत्र बरोबर नव्हतंच. त्यात ५.१ मिमीची चूक होती आणि आम्ही करेक्शन न दिल्याची ५.२ मिमीची चूक होती, दोन्ही उलट दिशेच्या, ३१ अंशाला त्यांनी एकमेकींना बरोबर झाकलं. थंडीत तापमानाची चूक लहान झाली आणि झाकण सरकलं. ५.१ मिमी म्हणजे जवळपास ६.८ हेक्टोपास्कल, म्हणजे आमची लॅब वीस मजली इमारतीच्या गच्चीवर असावी असं यंत्र सांगत होतं.

पारा सारखाच कमी दाखवत असेल तर पहिला संशय नळीच्या वरच्या मोकळ्या जागेवर. ती निर्वात हवी. तिथे हवा शिरली की ती पाऱ्याला वरून दाबते. आम्ही हिशोब केला, नळीचा आतला व्यास ८ मिमी, वरची जागा साधारण १५० मिमी, तर ५.१ मिमी दाब द्यायला बाहेरच्या दाबाला मोजलेला हवेचा बुडबुडा किती लागेल, तर ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. बस.

हवा शिरली कशी? लॅबच्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मागे रंगकाम झालं दिवाळीच्या सुट्टीत, तेव्हा पेंटरच्या पोरांनी ते काढून पॅसेजमध्ये नेलं होतं. पण लई जपून नेलं हो, उभंच्या उभं, देवाची मूर्ती नेतात तसं." आणि हेच तर करायचं नसतं. फॉर्टिन हलवताना आधी खालचा स्क्रू वर घेऊन नळी पाऱ्याने पूर्ण भरायची, मग सावकाश आडवा करून उलटा करायचा, टाकी वर ठेवून न्यायचा. उभा नेला तर दर पावलाला पारा नळीत वरखाली आपटतो, टाकीतली हवा खालून नळीत घुसायची भीती असते. त्या पोरांचा काही दोष नाही, त्यांना सांगायला तिथे आमच्यापैकी कोणी हजर नव्हतं.

पर्याय कोणते होते

वेधशाळेच्या उपकरणांवर आयुष्य घालवलेले एक निवृत्त काका ओळखीचे होते, त्यांना बोलावलं. पुण्यात हे एक बरं आहे, १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून इथे आलं, त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि पाऱ्याच्या बॅरोमीटरला हात लावलेली माणसं शहरात अजून भेटतात. काकांनी येऊन काही मोजलं नाही. बॅरोमीटरचे खालचे आधार-स्क्रू सैल केले आणि अख्खं यंत्र हळूच तिरकं केलं, पारा नळीच्या माथ्याकडे सरकला, टेकला. आवाज आला नाही. "ऐकलंत? टक् असा धातूचा आवाज यायला पाहिजे, खणखणीत. हा उशीवर टेकल्यासारखा टेकला. हवा आहे." आमचा चार दिवसांचा हिशोब त्यांनी दहा सेकंदात कानाने सांगितला.

मग चर्चा झाली. विभागप्रमुख सरांचं म्हणणं होतं की जसं आहे तसं राहू द्या, कार्डावर अधिक ५.१ लिहून टाका, करेक्शनच तर आहे. हे दिसायला सोपं होतं पण मला पटलं नाही. नळीतल्या हवेची चूक स्थिर नसते, पारा खाली गेला की वरची जागा वाढते आणि हवेचा दाब घटतो, तापमानानेही बदलतो, शिवाय हवा अजून शिरत असेल तर? आज ५.१ आहे, पुढच्या वर्षी ६ असेल आणि कार्डावर ५.१ च राहील.

दुसरा पर्याय नळी काढून पारा पुन्हा भरायचा, जुन्या पद्धतीत नळीतच पारा उकळून हवा आणि ओल बाहेर काढतात. एका तरुण सहकाऱ्याची फार इच्छा होती. काकांनी एका वाक्यात नाही म्हटलं, "आम्ही केलंय, आणि आमच्याबरोबर केलेले दोघं हात थरथरत रिटायर झाले." कॉलेजच्या लॅबमध्ये पाऱ्याची वाफ करायचा विषय तिथेच संपला, आणि बरोबरच संपला.

तिसरा, दुरुस्तीला पाठवायचं. पण पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारात बॅरोमीटरही येतात, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि आता नवीन पाऱ्याचे बॅरोमीटर बनवणं थांबत चाललंय म्हणून हे काम घेणारं कोणी आम्हाला मिळालं नाही. चौथा म्हणजे सरळ निवृत्त करायचं. आणि काकांनी सुचवलेला पाचवा: न उघडता, नेहमी हलवण्यासाठी करतात तसंच उलटं करून टिचक्या मारायच्या, बुडबुडा मोठा असेल तर तो नळीतून टाकीकडे चढून निघून जातो. एकदा करून बघा, पण खाली ट्रे ठेवा.

काय केलं

पाचवा पर्याय घेतला. शनिवारी, मुलं नसताना, खिडक्या सगळ्या उघड्या, खाली उंच काठाचा प्लॅस्टिकचा ट्रे, हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवलेल्या कारण सोन्याला पारा लगेच चिकटतो. स्क्रू हळूहळू वर, पारा नळीत चढत चढत माथ्याजवळ गेला आणि तिथे पहिल्यांदा आम्हाला तो डोळ्याने दिसला, माथ्याशी दबलेला चपटा बुडबुडा, मसुरीसारखा. मग काकांनी यंत्र आडवं केलं, मग उलटं. बोटाने टिचक्या. बुडबुडा पितळी खाचेतून दोनदा दिसला आणि वर टाकीकडे गेला.

सरळ करून भिंतीवर लावला, रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी रीडिंग घेऊन दोन्ही करेक्शन देऊन बघितलं. कमतरता ५.१ वरून १.४ मिमीवर आली होती. तिरकं करून बघितलं तर आवाज आला, पूर्ण खणखणीत नाही पण आला. सगळ्यांचे चेहरे फुलले आणि साहजिकच पुढचा प्रश्न, अजून एकदा करूया?

हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय होता. दुसऱ्यांदा केलं तर १.४ चं ०.५ झालं असतं कदाचित. पण ट्रे आवरताना मामांना त्यात तीन थेंब दिसले, मोहरीएवढे, चकचकीत. नळी फुटली नव्हती. म्हणजे पारा चामड्याच्या पिशवीतून आला होता. बॅटरी धरून बघितलं तर पिशवीच्या शिवणीजवळ चामडं कडक होऊन बारीक भेगाळलं होतं. उलटं-सुलटं करताना त्यावर ताण आला. पुन्हा केलं आणि पिशवी फाटली तर अख्ख्या टाकीतला पारा जमिनीवर, आणि आमच्या लॅबची फरशी जुनी, फटीफटीची. सहकारी म्हणत होता इतकं जवळ आलोय. मी नाही म्हटलं. थेंब सुईशिवायच्या सिरिंजने ओढून घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवले, आणि स्क्रू सैल करून पिशवीवरचा ताण कमी केला.

निकाल

बॅरोमीटर आता मोजमापातून काढलाय. काच लावलेल्या लाकडी पेटीत, खाली ट्रे, "हलवू नये, हलवायचा असल्यास आधी विभागात विचारा" अशी मराठीत पाटी. टोक आणि प्रतिबिंब मुलांना अजून दाखवते, पण स्क्रू फिरवून नाही, आहे त्या जागीच. बॉइलच्या प्रयोगाला दाब सेन्सरवरून घेतो आणि तो दर महिन्याला विमानतळाच्या क्यूएनएचशी ताडतो, उंची धरून, कारण पुण्यात साधारण सव्वानऊ मीटरला १ हेक्टोपास्कल फरक पडतो आणि आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे. पिशवी गळायला लागली तर पारा कोणाकडे द्यायचा हे आधीच ठरवलंय, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरावाल्यांकडे. बॉइलच्या पाऱ्याच्या नळ्याही त्याच वेळी जातील. विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट झाला, दिवसात दोन चढ आणि दोन उतार सुंदर आलेत.

काय वेगळं करता आलं असतं

मे महिन्यात आम्ही एकाच दिवशी एकच ताडणी केली, तीही करेक्शन न देता. बिनकरेक्शनचं रीडिंग सेन्सरशी तंतोतंत जुळलं हेच खरं तर संशयाचं कारण होतं. चांगला फॉर्टिन पुण्यात ३१ अंशाला सेन्सरपेक्षा ५ मिमी जास्त दाखवतो, म्हणजे तो जुळला नसता तर बरा होता. हे सूत्र आम्ही सगळेच शिकवतो. वापरलं मात्र नाही. दोन वेगळ्या तापमानांना ताडलं असतं, एक मे आणि एक जानेवारी, तरी कळलं असतं.

यावरून मला पेरिएची आठवण येते. १६४८ च्या १९ सप्टेंबरला पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरॅं पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यूई द डोम डोंगर चढला आणि वर पारा खाली आलेला दाखवला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याने पारा भरलेली दुसरी नळी खाली मठाच्या बागेत ठेवली होती आणि एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं, ती दिवसभर हलली नाही म्हणूनच वरच्या रीडिंगला अर्थ आला. आमच्याकडे ती खालची नळी नव्हती, आणि मे महिन्यात पाद्रीही नव्हता.

हवा नेमकी कधी शिरली हे शोधायला आम्ही जुनी रजिस्टरं काढली. वरच्या कपाटातलं शाईच्या पेनने लिहिलेलं जाड रजिस्टर, त्यात तारीख, वेळ, बॅरोमीटर आणि शेजारी लावलेल्या थर्मामीटरचं तापमान, असे चार रकाने. एकाही दिवशी तापमान सुटलेलं नाही. त्या नोंदींना करेक्शन देऊन बघितलं तर सगळ्या पुण्याला शोभतील अशा येतात. मग एका वर्षी अक्षर बदलतं, बॉलपेन येतं, आणि महिन्याभराने तापमानाचा रकाना रिकामा राहायला लागतो, पुढे पुढे तर रकानाच आखलेला नाही. रंगकाम त्यानंतरचं. म्हणजे हवा रंगकामाच्या वेळी शिरली का आधीच होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, त्या वर्षांतल्या एकाही रीडिंगला करेक्शन देता येत नाही.

नवीन रजिस्टर जूनपासून सुरू केलंय. तापमानाचा रकाना दाबाच्या आधी आखलाय, कारण थर्मामीटर आधी वाचायचा असतो, माणूस जवळ उभा राहिला की अंगाच्या उबेने तो चढायला लागतो. पहिल्या पानावर मामांनी रेघा मारल्यात, पट्टी धरून, लाल पेनने.